विश्लेषण : अक्कलकोट रोड एमआयडीसीची ग्रामसभा कुठे भरते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या आतल्या रस्त्यावरचा दिवा आठवडाभर बंद आहे. रात्रपाळी सुटल्यावर त्याच अंधारातून कांडी भरणाऱ्या महिला घरी जातात. तक्रार कोणाकडे करायची? महापालिकेच्या झोन कार्यालयात, एमआयडीसीच्या कार्यालयात की महावितरणकडे? तिन्हीकडे जाऊन आलेल्या माणसाला बहुधा तिन्हीकडे एकच वाक्य ऐकायला मिळते, ‘हे आमच्याकडे येत नाही.’

प्रश्न दिव्यापुरता असता तर त्यावर विश्लेषण लिहिण्याची गरज नव्हती. पण १८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यात कारखान्याचे मालक होते, त्यांचे कुटुंबीय होते, तिथेच राहणारे कामगाराचे कुटुंब होते आणि एक तान्हे मूलही होते. शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज व्यक्त झाला. मदत जाहीर झाली, भेटी झाल्या, पाहणीचे आदेश निघाले. मात्र ज्या जागी हे घडले, तिथल्या लोकांनी एकत्र बसून ‘आमच्या गल्लीत बंब वळतो का’ असा साधा प्रश्न अधिकृतपणे विचारावा, अशी एकही बैठक त्या वसाहतीला नाही. अशी बैठक का नाही आणि कायद्यात तिला जागा आहे का, ते पाहू.

एक वसाहत, सहा दारे

अक्कलकोट रोड एमआयडीसी आज सोलापूर महापालिकेच्या हद्दीत आहे. शहराची मोठी हद्दवाढ १९९२ मध्ये झाली. सोलापूरकर आजही त्या पट्ट्याला ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात आणि त्या शब्दात थोडी तक्रार मिसळलेली असते. हद्दीत आल्यामुळे मिळकत कर महापालिकेचा आणि आग लागली की धावून येणारे अग्निशमन दलही महापालिकेचे.

जमीन मात्र महापालिकेची नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाची ती वसाहत. भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. हस्तांतर, पोटभाडे, वापरातील बदल या सगळ्याला महामंडळाची परवानगी लागते. औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण म्हणून बांधकामाचे नकाशे मंजूर करण्याचे कामही महामंडळाकडे असते. वीज महावितरणची, विजेच्या जोडणीची सुरक्षितता विद्युत निरीक्षकांची, सांडपाणी आणि धूर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, यंत्राजवळच्या माणसाची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा संचालनालयाची.

प्रत्येक दारावर पाटी आहे आणि प्रत्येक पाटीमागे कायदा आहे. पण जिथे ही सहाही माणसे एकाच वेळी एकाच टेबलाभोवती बसतात आणि समोर स्थानिक माणूस प्रश्न विचारतो, अशी जागा शोधायला गेले की हाताला फार थोडे लागते.

गावाला जे मिळते, ते इथे नाही

तुलना दूरची नको. एमआयडीसी ओलांडून अक्कलकोटच्या दिशेने निघाले की कुंभारी लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव. याच परिसरात विडी कामगार महिलांसाठी उभारलेली गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत आहे. त्याच भागात ‘रे नगर’ हा ३० हजार घरांचा प्रकल्प आकाराला आला. त्यातल्या १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठीची ही घरे.

कुंभारीला ग्रामपंचायत आहे, म्हणजे ग्रामसभाही आहे. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा त्यामुळेच ठरून गेल्यासारख्या झाल्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल ती. तेव्हा हजारो घरांच्या गावातही शंभर माणसे जमली की सभा कायदेशीर. (हजारो कुटुंबांच्या वतीने शंभरांनी ठरवणे कितपत योग्य, हा वेगळा वाद आहे आणि तो व्हायला हवा.)

ग्रामसभा आदर्श असते असे कोणी म्हणणार नाही. कोरम नाही म्हणून तहकूब, तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पाच-पंचवीस जणांत उरकलेली, घरोघर वही फिरवून सह्या गोळा केलेली, असे सगळे प्रकार गावांनी पाहिले आहेत. तरीही एक गोष्ट खरी की ग्रामसेवकाला उभे राहून खर्च वाचून दाखवावा लागतो. कोणीतरी उठून ‘त्या गटारीचे बिल निघाले, गटार कुठे आहे?’ असे विचारू शकतो आणि ते इतिवृत्तात येऊ शकते.

हीच रचना इंग्लंडमधल्या खेड्यांत ‘पॅरिश कौन्सिल’ या नावाने चालते. १८९४ च्या कायद्याने ती आली. बाकाची दुरुस्ती, स्मशानभूमीची भिंत, पायवाट, बसथांबा असे बारीकसारीक विषय तिथे चालतात. बैठकीची सूचना किमान तीन दिवस आधी लावावी लागते आणि लोकांना आत बसून ऐकण्याचा हक्क असतो. त्याशिवाय वर्षातून एकदा, मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, गावातल्या मतदारांची सभा भरते. विषय छोटे असले तरी कोणाला विचारायचे हे माणसाला ठाऊक असते.

आता समजा, एक यंत्रमाग कामगार कुंभारीच्या बाजूला राहतो आणि एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. घराजवळच्या गटारीबद्दल बोलायला त्याला ग्रामसभा आहे. दिवसाचे बारा तास तो जिथे घालवतो, तिथल्या जिन्याबद्दल, बंद दरवाजाबद्दल, लटकणाऱ्या तारेबद्दल बोलायला सभा नाही. तिथे तो मतदार नाही. कारखान्याचा मालकही बहुधा तिथला मतदार नसतो, त्याचे घर शहरात. जिथे मते नाहीत, तिथले प्रश्न निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही येत नाहीत.

शहरात सभा आहेत, पण कागदावर

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजारांवर होती, तेव्हा सोलापूर यात येतेच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये प्रभाग समितीची रचना दिली आहे. त्या भागातले नगरसेवक, झोनचा अधिकारी आणि शिवाय बाहेरचे जास्तीत जास्त तीन सदस्य. हे तीन जण त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी आणि लोकसंस्थांमधून नगरसेवकांनी घ्यायचे असतात.

२००९ मध्ये याच कायद्यात आणखी खालची पायरी जोडली गेली, क्षेत्रसभा. कल्पना सरळ होती. गावाला ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदान केंद्रांभोवतीच्या वस्तीला क्षेत्रसभा. कायदा झाला, पण राज्यातल्या बहुतेक शहरांत नागरिकांनी क्षेत्रसभेचे आमंत्रण पाहिलेले नाही. एका प्रभागात चार-चार नगरसेवक असण्याच्या पद्धतीने तर गोंधळ वाढवला. चौघांपैकी कोणाच्या दारात जायचे हेच ठरत नाही, सभा कोण बोलावणार?

सोलापुरात यावर आणखी एक थर चढला. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळपास चार वर्षे प्रशासक. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, प्रभाग समिती, सगळ्यांचे अधिकार एकाच सहीत. मे २०२५ ची आग याच काळात लागली. तेव्हा एमआयडीसीच्या बाजूने प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. आता १०२ जणांचे सभागृह पुन्हा आहे, त्यामुळे ‘प्रशासक आहेत’ ही सबब संपली.

उद्योजकांचे टेबल आणि रिकामी खुर्ची

सगळ्या खात्यांना एकत्र बसवणारी एक बैठक मात्र आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समिती. जिल्हा उद्योग केंद्र तिचे कामकाज पाहते. महापालिका, एमआयडीसी, महावितरण, पोलीस, प्रदूषण मंडळ असे सगळे अधिकारी तिथे येतात. उद्योजक संघटना रस्ते, पाणी, पथदिवे, विजेचा लपंडाव हे विषय मांडतात. ‘कर घेता, सुविधा द्या’ ही उद्योजकांची मागणी रास्त आहे. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या गावात कच्चा माल चिखलातून न्यावा लागू नये, यात दुमत नसावे.

पण ही समिती उद्योगांच्या अडचणींसाठी आहे. कामगाराची खुर्ची तिथे नाही. रस्ता खराब असला तर मालकाचा टेम्पो अडकतो, म्हणून विषय येतो. मागचा दरवाजा बाहेरून कुलूपबंद असला तर मालकाचे काही अडत नाही, म्हणून तो विषय येत नाही. मे २०२५ मध्ये मात्र मालकाचे कुटुंब आणि कामगाराचे कुटुंब एकाच छताखाली होते. धुराने भेद केला नाही.

औद्योगिक भूखंड राहण्यासाठी दिलेला नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी खाली माग आणि वर संसार ही सोलापूरच्या यंत्रमागाची जुनी सवय. पूर्व भागातल्या घरांतून धंदा वसाहतीत आला, तशी सवयही आली. टॉवेलच्या कारखान्यात सुताचे बारीक तंतू हवेत उडत राहतात आणि पंख्यावर, ट्यूबवर, वायरिंगवर बसतात. एमसीबी बसवला म्हणजे काम झाले, असा समज आहे. एमसीबी जादा प्रवाहाला पडतो. सैल स्क्रूखाली तापत जाणारी तार प्रवाह वाढवत नाही, त्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. त्यावर तंतूंचा थर असला तर पुढचे सांगायला अभियंता लागत नाही. असे सैल जोड शोधायला दरमहा कोणीतरी बोर्ड उघडून पाहावा लागतो, एवढेच.

कायदा इथेही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. हे प्रमाणपत्र किती कारखान्यांनी दिले, याची यादी लोकांसमोर ठेवायला कोणतीही अडचण नाही. ठेवली जात नाही, कारण ती मागणारी सभा नाही.

कारखाना निरीक्षकाची चौकटही तोकडी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगारांच्या सुरक्षितताविषयक संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या २० कामगारांपासून सुरू होते. सोलापुरातले कितीतरी मागाचे शेड त्याखाली बसतात किंवा बसवले जातात.

मग वेगळी नगरी हवी का?

एमआयडीसीला ‘औद्योगिक नगरी’ जाहीर करा, कर तिथेच खर्च होऊ द्या, अशी मागणी राज्यभरातल्या वसाहतींतून अधूनमधून होते. राज्यघटनेच्या कलम २४३-थ मध्ये तशी वाट आहे. उद्योग स्वतः सुविधा देत असतील तर त्या क्षेत्रात नगरपालिका नेमायची गरज नाही, असे राज्यपाल ठरवू शकतात. ऐकायला आकर्षक आहे. पण मग निवडणूकही नाही. आज कामगाराचा आवाज क्षीण आहे, तेव्हा तो कायद्यानेच नसेल. रस्ते गुळगुळीत होतील, पण कुलूप निघेल याची खात्री कोण देणार?

त्यापेक्षा हाताशी असलेले वापरणे स्वस्त आहे. प्रभाग समितीत बाहेरच्या तीन जागा आहेत. त्यातली एक वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या कामगार संस्थेच्या प्रतिनिधीला द्यायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, नगरसेवकांची इच्छा लागते. तो प्रतिनिधी त्या भागातला मतदार हवा, एवढी अट आहे. पूर्व भागात असे मतदार शोधावे लागणार नाहीत. जिल्हा उद्योग मित्र समितीच्या विषयपत्रिकेत ‘कामगार सुरक्षा’ हा कायमचा विषय ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे. आणि एमआयडीसी व महापालिका यांनी मिळून वसाहतीचा एक नकाशा चौकात लावावा. कोणता रस्ता, कोणता दिवा, कोणता पाण्याचा हायड्रंट कोणाचा, त्यापुढे फोन क्रमांक. नकाशा मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. माग चालवणारे या चारही भाषा बोलतात.

तोवर ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याने तोंडी विचारू नये. झोन कार्यालयात आणि एमआयडीसी कार्यालयात एकाच मजकुराचा लेखी अर्ज द्यावा, त्यात ठिकाण भूखंड क्रमांकासह लिहावे, सोबत फोटो जोडावा आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्यावी. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा आहे असे वाटले तर तोही लेखी द्या म्हणावे. माहिती अधिकारात अर्ज केला आणि तो चुकीच्या कार्यालयात गेला, तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची असते. जुलैच्या प्रमाणपत्रांची यादी मागायची असेल तर ऑगस्टचा पहिला आठवडा बरा.