गेममधला ‘हेडशॉट’ म्हणजे नेमबाजी नव्हे

तिसगाव असो की पुणे, मोबाइलवर ‘हेडशॉट’ मारणाऱ्या मुलाला आपला नेम पक्का वाटतो. पण त्यात गेमचाही वाटा असतो. अनेक शूटर गेममध्ये ‘एम असिस्ट’ असते: शत्रू जवळ येताच निशाणा मंदावतो किंवा त्याच्याकडे ओढला जातो. काचेवर अंगठ्याने नेम धरणे अवघड, म्हणून ही मदत रास्तच. काही गेममध्ये तर बटण दाबताक्षणी गोळी लागते; वाऱ्याचा हिशेबच नसतो.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य जिंकले. तिथे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे, श्वासही सांभाळावा लागतो. गेम जरूर खेळावा. पण नेमबाज व्हायचे तर प्रशिक्षकाकडे, रेंजवरच जावे लागेल.