घरातले मौन

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत पुण्यातील मध्यमवर्गीय घरातले भाऊ-बहीण एकाच भाडेकरू तरुणावर प्रेम करतात. मुलीच्या दुःखाभोवती सारे घर गोळा होते. मुलाचे दुःख कोणाच्या गावीही नसते. आज असा मुलगा मोबाईलवर परक्यांपाशी मन मोकळे करतो. त्यांत सुहृद असतात, तसे लुबाडणारेही! समलिंगी विवाहास संघाचा विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास मान्यता नाकारली. परंतु अशी माणसे पूर्वापार समाजाचाच भाग आहेत, हे सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी त्याच वर्षी जानेवारीत स्पष्ट केले होते. कुटुंब प्रबोधनात एकत्र भोजनाचा आग्रह धरला जातो. त्या पंगतीत हा विषयही निघावयास हवा.