दिव्याखालचे रोप, शेतासाठीचा कायदा

बंगळुरूच्या सदाशिवनगर भागातील एका घराच्या सज्जात, फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये गांजाची रोपे वाढवल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी एका दाम्पत्यावर कारवाई केली. घरच्या बागेची छायाचित्रे फेसबुकवर झळकली आणि तीच पोलिसांपर्यंत पोहोचली. हाती लागलेला गांजा ५४ ग्रॅम होता. त्यापूर्वी २०२१ मध्ये शहराच्या गुन्हे शाखेने जवळच्या बिडदी येथील एका भाड्याच्या बंगल्यावर छापा घातला होता. तेथे एलईडी दिव्यांच्या प्रकाशात शंभरावर रोपे वाढवली जात असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि दोन इराणी नागरिकांसह चौघांना अटक झाली.

आकारमानाच्या दृष्टीने या दोन घटनांची तुलना होऊ शकत नाही. तरीही लागवडीपुरते पाहिल्यास दोन्हींना लागू पडणारे कलम एकच आणि कमाल शिक्षाही एकच आहे, ती म्हणजे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. डोंगरउतारावरील एकरभर पिकालाही हेच कलम लागते. बंद खोलीतील दिव्याखालच्या शेतीची प्रकरणे जसजशी वाढत आहेत, तसतसा हा विचित्र मेळ अधिक स्पष्टपणे नजरेस येऊ लागला आहे.

ही प्रकरणे एकट्या बंगळुरूची नाहीत. हैदराबादच्या मणिकोंडा भागात २०१७ मध्ये एका सदनिकेत सुमारे चाळीस कुंड्या सापडल्या होत्या. शिवमोगा येथे जून २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना अटक झाली, तेव्हा जप्तीच्या यादीत गांजाबरोबर कापडी तंबू, पंखे आणि एलईडी दिवे होते. नोव्हेंबर २०२४ मध्येच दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एका सदनिकेतून कित्येक डझन रोपे ताब्यात घेण्यात आली. शेत, बांध आणि पाऊस यांची गरजच उरलेली नाही, ही या सर्व घटनांतील समान गोष्ट होय.

ट्यूबची मर्यादा

कृत्रिम प्रकाशात रोपे वाढवणे ही मुळात गुन्हेगारांची युक्ती नव्हे. जळगावच्या शेतकऱ्याच्या शेतात उभी राहणारी ऊतीसंवर्धित केळी आयुष्याचे पहिले काही महिने प्रयोगशाळेत, ट्यूबच्या किंवा एलईडीच्या उजेडात काढते. अशा प्रयोगशाळेतील मांडण्या पाहिल्या, तर लहान जागेतल्या दिव्यांचे सारे गणित समजते. ट्यूबचा प्रकाश थंड आणि पसरट असतो. तो पानांना भाजत नाही, पण अंतर वाढले की झपाट्याने क्षीण होतो. म्हणून फळीच्या वर जेमतेम हातभर अंतरावर ट्यूब, तिच्यावर पुन्हा फळी, अशी रचना करावी लागते. वरची पाने उजेड अडवतात आणि खालच्या पानांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. बाटलीतल्या बोटभर रोपट्याला एवढे पुरते, माणसाच्या उंचीच्या झाडाला नाही.

पाश्चात्त्य देशांत चोरून गांजा वाढवणारे अनेक वर्षे कपाटे आणि माळे यांतच अडकून राहिले, त्याचे एक कारण ट्यूबची हीच मर्यादा होती. त्याहून मोठी मजल मारायची तर सोडियमचे प्रखर दिवे लागत. ते इतके तापत की पंखे आणि वातानुकूलन आलेच, आणि त्यामागोमाग विजेचे अवाढव्य बिल. अमेरिकेत बंद जागेत होणाऱ्या गांजाच्या उत्पादनाला देशातील एकूण विजेच्या सुमारे एक टक्का वीज लागते, असा अंदाज इव्हान मिल्स या संशोधकाने २०१२ मध्ये मांडला होता.

एलईडीने हे समीकरण बदलले. केंद्र सरकारच्या उजाला योजनेनंतर, म्हणजे २०१५ पासून, भारतात एलईडी दिवे घरोघरी पोहोचले. झाडांसाठीचे खास दिवेही आता कोणालाही घरबसल्या मागवता येतात. बंगळुरूच्या गगनचुंबी संकुलांत, जेथे सज्जावर दिवसाकाठी तासभरही ऊन येत नाही, तेथे तुळस, पुदिना आणि शोभेची झाडे याच दिव्यांवर तगतात. शहराबाहेर चिक्कबळ्ळापूर आणि होसूरच्या बाजूला रात्री शेतेच्या शेते दिव्यांनी उजळलेली दिसतात, ती शेवंतीची. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला फूल येते, म्हणून बाजाराच्या तारखेपर्यंत तिला रात्रीच्या उजेडाने थोपवून धरले जाते. गांजाचे झाडही प्रकाशाच्या तासांवरच फुलण्याची वेळ ओळखते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने देवाच्या हारातले फूल आणि अंमली पदार्थ यांत येथे फारसे अंतर नाही.

त्यामुळे दिव्यांवर बंदी घालून काही साध्य होण्यासारखे नाही आणि कायद्यानेही तसे केलेले नाही. 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' या कायद्याच्या कलम ३० खाली गुन्ह्याची 'तयारी' दंडनीय आहे, पण ती व्यापारी मात्रेच्या आणि इतर मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरतीच. रिकामा तंबू आणि त्यातला पेटलेला दिवा हा गुन्हा ठरत नाही. त्याखाली रोप उगवले की तोच दिवा गुन्ह्याचे साधन म्हणून कलम ६० खाली सरकारजमा होऊ शकतो.

वजन मोजले जाते, रोपे नाहीत

खरी गुंतागुंत या रोपापाशी सुरू होते. १९८५ च्या कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग विकली जाते ती याच फटीतून. भांग हा या कायद्याखाली प्रतिबंधित पदार्थ नाही, असे निरीक्षण नोंदवून कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये एका आरोपीला जामीनही दिला होता. 'कॅनबिसचे झाड' या संज्ञेची व्याख्या मात्र सर्वसमावेशक आहे. त्या प्रजातीचे कोणतेही झाड तिच्यात येते, मग ते नर असो वा मादी, फुललेले असो वा दोन पानांचे. 'लागवड' या शब्दाची स्वतंत्र व्याख्या कायद्याने केलेलीच नाही.

मूळ कायद्यात गांजा बाळगणे आणि झाडाची लागवड करणे या दोहोंना एकच कमाल शिक्षा होती, पाच वर्षे. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मात्रेनुसार श्रेणीबद्ध केल्या. कोठेतरी चिमूटभर माल सापडलेला आणि ट्रकभर माल नेणारा यांना एकाच तराजूत तोलू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो स्तुत्यच म्हणावा लागेल. त्यानुसार एक किलोपर्यंतचा गांजा ही 'अल्प मात्रा' ठरली आणि वीस किलोंपासून पुढे 'व्यापारी मात्रा' सुरू झाली. अल्प मात्रेसाठी आज कमाल एक वर्षाची कैद आहे, आणि केवळ दंडावरही सुटका होऊ शकते. लागवडीला मात्र अशी कोणतीही पायरी मिळाली नाही. उलट तिची कमाल शिक्षा पाचावरून दहा वर्षांवर गेली. जी दुरुस्ती प्रमाणबद्धतेसाठी झाली, तिनेच एका बाबतीत प्रमाण सोडले.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की नऊशे ग्रॅम तयार गांजा विकत घेऊन घरी ठेवणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष, तर ज्याच्या खोलीत दोन न फुललेली रोपे आहेत आणि कायद्याच्या व्याख्येतला एक ग्रॅमही गांजा नाही, त्याला जास्तीत जास्त दहा वर्षे. लागवडीच्या कलमाला कलम ३७ मधील जामिनाची जाचक अट सरसकट लागू होत नाही आणि न्यायालयाला दहा वर्षांच्या आत कितीही कमी शिक्षा देता येते, हे खरे. पण दहा वर्षांच्या कलमाखालचा खटला हाच विद्यार्थ्याच्या किंवा नोकरदाराच्या दृष्टीने शिक्षेचा मोठा भाग असतो. व्यसनाधीन व्यक्तीने उपचार स्वीकारल्यास खटल्यातून मुक्ततेची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे, तीही सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यांसाठी. लागवडीच्या गुन्ह्याला मात्राच जोडलेली नसल्यामुळे कुंडीवाल्याला ते दार ठोठावणेही कठीण होते.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सदनिका नव्हत्या. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगराळ पट्टा होता, हिमाचलच्या दऱ्या होत्या. महाराष्ट्रात धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस आणि तुरीच्या आडोशाने लावलेला गांजा पोलीस वर्षानुवर्षे उपटत आले आहेत. अशा ठिकाणी पीक हेच पुरवठ्याचे मूळ असते, आणि मुळावर घाव घालायचा तर लागवडीची शिक्षा जबर हवी, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. बंगळुरूत येणारा बहुतांश गांजाही अशाच शेतांतला असतो. सप्टेंबर २०२० मध्ये शहराच्या पोलिसांनी कलबुर्गी जिल्ह्यात एका मेंढीपालन केंद्राखाली पुरून ठेवलेला सुमारे साडेतेराशे किलो गांजा शोधून काढला होता. त्यापुढे सज्जातल्या कुंड्यांची काय कथा?

पोलिसांची दुसरी बाजूही आहे. बंद खोलीत, निवडक बियाण्यांपासून वाढवलेल्या गांजात नशेचा अंश शेतातल्या गांजापेक्षा पुष्कळ अधिक असू शकतो. बाजारात त्याला 'हायड्रो' म्हणतात. काटेकोर अर्थाने हा शब्द मातीविना, पोषक पाण्यावर केलेल्या लागवडीचा आहे, पण पोलिसांच्या टिपणांत आणि बातम्यांत तो खोलीत वाढलेल्या कोणत्याही जहाल गांजाला सर्रास चिकटवला जातो. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा प्रतिबंधित यादीतून काढल्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हा माल मुंबई आणि बंगळुरूच्या विमानतळांवर वारंवार सापडू लागला. थायलंडने जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. मुंबईत सीमाशुल्क विभाग या मालाची किंमत किलोमागे कोटीच्या घरात धरतो. लहान वयात असा जहाल गांजा ओढल्याने मानसिक आजारांचा धोका वाढतो, ही मनोविकारतज्ज्ञांची चिंता आहे, आणि ती बाजूला सारता येणार नाही.

गंमत अशी, की कायदा हाही भेद करत नाही. साधा गांजा असो वा 'हायड्रो', अल्प मात्रेची मर्यादा एकच किलो. म्हणजे जवळपास कोटीचा माल पिशवीत घेऊन उतरलेला प्रवासी तो किलोच्या आत असल्यास अल्प मात्रेचा आरोपी, आणि चार रोपांचा मालक दहा वर्षांच्या कलमाचा.

रोपांची संख्या मोजणारे देश

ज्या देशांनी घरगुती लागवडीला मुभा दिली, त्यांनी वजनाबरोबर रोपेही मोजली. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने घरटी सहा झाडे मान्य केली. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार, तर जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीमागे तीन. भारताने त्यांचे अनुकरण करावे की नाही हा वेगळा, मोठ्या वादाचा विषय आहे. परंतु बंदी कायम ठेवूनही रोपांच्या संख्येनुसार शिक्षेच्या पायऱ्या करता येतात, एवढे त्यावरून दिसते.

मोजणी आणि परवाने ही कल्पना या देशाला नवी नाही. ब्रिटिश काळात बंगालच्या नौगावात आणि मध्य प्रांतातील खांडव्यात सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत असे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून सरसकट बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर वारे उलट दिशेने वाहू लागले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टातून वगळले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते. त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला आणि विरोध होताच मागे पडला.

देशांतर्गत चर्चा बव्हंशी सेवन करणाऱ्यांभोवतीच फिरते. एम्सच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात भांग, गांजा किंवा चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी आहे. वैयक्तिक वापरासाठी अल्प मात्रा बाळगणे गुन्हा मानू नये, असे सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवल्याचे वृत्त २०२१ मध्ये आले होते. त्या चर्चेतही घरातल्या रोपाचा प्रश्न पुढे आला नाही.

राज्यांच्या हाती जे आहे ते मर्यादित आहे. कलम १० खाली राज्य सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते, पण वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनांसाठीच. धागा, बियाणे आणि उद्यानशास्त्रीय कामांसाठीची मुभा कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचा परवाना दिला, तो अत्यल्प नशेच्या वाणांसाठी होता. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली, त्याची जबाबदारी पालमपूर आणि नौणी येथील कृषी विद्यापीठांकडे आहे. यांपैकी कोणत्याही निर्णयाने सदनिकेतल्या कुंडीचे कलम बदलत नाही. त्यासाठी कलम २० मध्येच संसदेला दुरुस्ती करावी लागेल.