बारा शब्द आणि एक अ‍ॅप्रूव्ह

'मी वॉलेटवर काम करते' असं लग्नाकार्यात सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. मावशी गटाचा : लेदरची का गं? आणि काका गटाचा : बिटकॉइन आत्ता घ्यावं की थांबावं? दोन्हीची उत्तरं माझ्याकडे नाहीत. मांडववाल्याला नवरा-नवरीचं पुढे कसं होणार हे जितकं कळतं, तितकंच मला बिटकॉइनचं कळतं. आपण खांब घट्ट रोवलेत की नाही तेवढं बघायचं!

तर खांब बघायचं माझं काम असं. आमची एक लायब्ररी आहे. (पुस्तकांची नव्हे हो, कोडची.) ज्यांना क्रिप्टो वॉलेटचं अ‍ॅप काढायचंय, ते बिटकॉइन, इथेरियम, सोलाना असं सगळं एकाच डब्यात मिळतं म्हणून आमची लायब्ररी आयती घेतात. या डब्यात रोज कुणी ना कुणी काहीतरी बदलत असतं. तो बदल माझ्यासमोर येतो. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. मी वाचते, प्रश्न विचारते, आणि पटलं तर 'अ‍ॅप्रूव्ह'चं बटण दाबते. ऐकायला किती सोप्पं ना? आमच्यातले बरेच जण तर वाचायच्या आधीच 'एलजीटीएम' टाकून मोकळे होतात. लुक्स गुड टू मी. नवऱ्याने साडीकडे न बघता 'छान आहे' म्हणावं, अगदी तसं.

पण गंमत अशी की वॉलेटमध्ये पैसे नसतातच. पैशाची नोंद तिकडे ब्लॉकचेनवर, जगभरच्या कॉम्प्युटर्सवर. वॉलेटमध्ये असते फक्त किल्ली. ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य आकडा, आणि तो माणसाला कागदावर उतरवता यावा म्हणून त्याचे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द करतात. बीआयपी-३९ नावाचं हे स्टँडर्ड २०१३ मधलं. शब्दांची यादी ठरलेली, बरोब्बर २०४८ शब्दांची. 'अबॅन्डन'पासून सुरू आणि 'झू'वर खलास. ज्याच्याकडे बारा शब्द, त्याचे पैसे. 'फरगॉट पासवर्ड' नाही, कस्टमर केअर नाही, शाखेत जाऊन साहेबांपुढे रडायचीही सोय नाही.

आणि आमची लायब्ररी 'मल्टी-चेन'. म्हणजे एका सुनेने पाच सासरी नांदायचं! प्रत्येक घरची रीत वेगळी. बिटकॉइनमध्ये दशांश चिन्हानंतर ८ घरं, सोलानामध्ये ९, इथेरियममध्ये १८. टेदर नावाचा डॉलरला बांधलेला कॉइन इथेरियमवर ६ घरं मोजतो आणि बीएनबी स्मार्ट चेनवर १८. नाव तेच, चेहरा तोच, आणि फरक बारा शून्यांचा. जावास्क्रिप्टमधला साधा आकडा जेमतेम सोळा आकड्यांपर्यंत अचूक राहतो, आणि एक इथर म्हणजे एकावर अठरा शून्यं. कुणी भोळेपणाने साधा आकडा वापरला की शेवटची घरं अंदाजपंचे दाहोदरसे! त्यामुळे कुठल्याही बदलात रक्कम दिसली की माझा पहिला प्रश्न : ही मोजली कुठल्या मापाने?

पत्त्यांचीही तीच तऱ्हा. बारा शब्द तेच, पण त्यातून कुठल्या वाटेने जाऊन पत्ता काढायचा, हे प्रत्येक चेनचं ठरलेलं. बिटकॉइनच्या वाटेत ० नंबर, इथेरियमच्या ६०, सोलानाच्या ५०१. ही वाट कुणी 'जरा नीट करतो' म्हणून बदलली, तर काय होईल? कोड छान चालेल. फक्त जुना माणूस नव्या फोनवर आपले बारा शब्द टाकेल आणि त्याला बॅलन्स दिसेल शून्य. पैसे जागेवरच आहेत, आपण भलत्याच दारात उभे आहोत, हे त्याला कोण सांगणार? असा शून्य बघितलेल्या माणसाची ई-मेल मी वाचली आहे. त्यात शुद्धलेखन नव्हतं, विरामचिन्हं नव्हती, नुसती धाप होती.

म्हणून मला हजार ओळींच्या बदलांची भीती वाटत नाही. त्यांच्याकडे सगळेच बघतात, मीटिंग होते, कुणीतरी बोर्डवर चौकोन काढतं. भीती वाटते छोट्या, सज्जन दिसणाऱ्या बदलांची. 'डीबगिंगसाठी एक लॉग टाकलाय' हा त्यातलाच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोलानावरची हजारो वॉलेट्स एका रात्रीत रिकामी झाली. तपासात निघालं की स्लोप नावाच्या मोबाइल वॉलेटमधून लोकांची गुपितं एरर नोंदवणाऱ्या सर्व्हरवर जात होती. कुणी तिजोरी फोडली नव्हती. अ‍ॅपच आपलं आपण बडबडत होतं. तेव्हापासून लॉगची एक ओळ दिसली तरी मी सासूच्या नजरेने बघते.

आणि आता तो शुक्रवार.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. अर्धं ऑफिस मनाने घरी पोचलेलं. आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आहे, सांगलीचा, हुशार, कामाला वाघ. त्याचा बदल आला. काही जुन्या फोनवर, अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये, सुरक्षित रँडम आकडा देणारी सोय मिळत नव्हती. मग वॉलेट बनवताना अ‍ॅप धाडकन बंद पडायचं. क्लायंट वैतागलेला. याने उपाय केला : ती सोय नसेल तर जावास्क्रिप्टचं साधं रँडम वापरा. सात ओळी. नावं नीट, कॉमेंट नीट, सगळ्या टेस्ट्स हिरव्यागार. बारा शब्द बनतात, त्यांची बेरीज-तपासणी जमते, पत्ता बरोबर निघतो.

मी एवढंच लिहिलं : 'हा आकडा येतो कुठून?'

पोरगं खुर्ची सरकवत माझ्याकडे आलं. "ताई, टेस्ट्स पास आहेत ना सगळ्या?"

"आहेत."

"मग? आणि अगदी थोड्याच फोनवर होणार आहे हे."

तेवढ्यात मॅनेजर. "अगं, सोमवारी त्यांचं लाँच आहे. आत्ता अ‍ॅप्रूव्ह टाक ना, पुढच्या रिलीजमध्ये सुधारू की!"

हे 'पुढच्या रिलीजमध्ये सुधारू' बाकी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. बटण वाकडं बसलं, पुढच्या वेळी सरळ करू. इथे चालत नाही. का, ते नीट सांगते, कारण माझ्या पगाराचं सगळं कारण त्यात आहे.

बारा शब्दांमागे खरा रँडम आकडा असेल, तर शक्यता इतक्या, की ती संख्या लिहायला ३९ आकडे लागतात. कुणी जन्मभर चाचपडत बसलं तरी हाती लागायची नाही. पण रँडम आणणारं यंत्रच कच्चं असेल तर? २०२२ च्या नोव्हेंबरात ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये नेमकं हेच झालं. त्यांचीही अशीच अनेक चेन सांभाळणारी लायब्ररी. तिच्या ब्राउझरसाठीच्या भागात मर्सेन ट्विस्टर नावाचं रँडम यंत्र वापरलेलं. गेम आणि सिम्युलेशनसाठी ते उत्तम, पण किल्ल्या घडवायला नाही. त्यात त्याला सुरुवातीचं बीज फक्त ३२ बिटांचं. म्हणजे जगात शक्य असलेली एकूण वॉलेट्स उरली सुमारे ४२९ कोटी. तुम्हाआम्हाला हा आकडा मोठा. चांगल्या गेमिंग पीसीला थोड्या दिवसांचं काम! लेजर कंपनीच्या सुरक्षा टीमने ही गोष्ट शोधून कळवली, कोड पटकन दुरुस्तही झाला. तरी सुमारे १ लाख ७० हजार डॉलर्स गेलेच.

कारण कोड दुरुस्त झाला, शब्द दुरुस्त झाले नाहीत. १४ ते २३ नोव्हेंबर या दिवसांत ज्यांनी त्या एक्स्टेन्शनमध्ये वॉलेट बनवलं, त्यांनी ते शब्द केव्हाच कागदावर लिहून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात वगैरे ठेवले होते. अ‍ॅप अपडेट होतं हो, कपाटातला कागद कसा अपडेट होणार? त्या माणसाला शोधून, पटवून, 'बाबा, नवं वॉलेट बनव आणि पैसे तिकडे हलव' असं सांगावं लागतं. आणि वॉलेटवाल्यांना आपलं गिऱ्हाईक कोण, हे बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जुलैत, लिबबिटकॉइन नावाच्या जुन्या, मान्यवर टूलमध्ये तीच भानगड निघाली. तेच ट्विस्टर, तेच ३२ बिट, आणि बीज म्हणून काय, तर घड्याळातली वेळ! नऊ लाख डॉलर्सच्या वर चोरी. शोधणाऱ्यांनी वेळ शून्य धरून ते टूल चालवलं, तेव्हा पहिले दोन शब्द आले 'मिल्क' आणि 'सॅड'. प्रकरणाचं नावच 'मिल्क सॅड' पडलं. त्याआधी २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या रँडममध्ये दोष निघाला होता आणि त्यावरच्या बिटकॉइन वॉलेट्सना नव्या किल्ल्या करायला लावल्या होत्या. दहा वर्षांत तीनदा तोच खड्डा. आपल्याकडच्या रस्त्यांनाही लाज वाटावी.

या सगळ्यात टेस्ट्स पास होत्या की नाही याला काही अर्थ नाही. कच्च्या आकड्यातूनही शब्द बाराच निघतात, बेरीज जमते, पत्ता चालतो, पैसे येतात आणि जातात. टेस्ट विचारते 'चालतंय का?' चालतंयच. बनावट कुलूपही बंद होतं आणि उघडतं, तक्रार तेवढी चोर आल्यावर सुरू होते. म्हणून हे बघायला माणूस लागतो, तोही थोडा भोचक.

मी अ‍ॅप्रूव्ह दिलं नाही. म्हटलं, असल्या फोनवर सरळ सांगा की इथे नवं वॉलेट बनवता येणार नाही, दुसरा फोन घ्या. मॅनेजर म्हणाला, "हे मी क्लायंटला कुठल्या तोंडाने सांगू?" मी म्हटलं, माझ्या तोंडाने सांगा. मग मीच कॉलवर बसले. क्लायंटने पाऊण तास ऐकवलं. तुमची लायब्ररी सोडून दुसरी घेऊ, हेही ऐकवलं. लाँच आठवडाभर पुढे गेलं. आमच्याकडे यानंतर कुणी कुणाला पेढे दिले नाहीत. उलट वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये माझ्यापुढे 'थोडी लवचिकता हवी' असं लिहून आलं. न घडलेली चोरी कुठल्या रकान्यात भरणार?

पोरगं दोन दिवस चहाला आलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! सात ओळी त्याने मनापासून लिहिल्या होत्या, आणि मी सगळ्यांसमोर त्या अडवल्या. कोड रिव्ह्यूमध्ये हा एक प्रॉब्लेम आहेच. आपल्याकडे 'चूक काढली' म्हणजे 'माणसाला पाडलं'. त्यामुळे निम्मे लोक भिडेखातर अ‍ॅप्रूव्ह करतात आणि उरलेले फक्त स्पेस आणि ब्रॅकेटवर भांडून आपण वाचल्याचा पुरावा देतात. तिसऱ्या दिवशी तो आपणहून आला, लॅपटॉप उघडा धरून. त्याने ते जुनं टूल घरी चालवून बघितलं होतं, वेळ शून्य धरून. "ताई, खरंच मिल्क सॅड आलं हो!" त्याचा चेहरा भूत बघितल्यासारखा.

आता मला छळते ती दुसरीच गोष्ट. आपला कोड मी वाचेन, पण दुसऱ्यांचा? आमची लायब्ररी शेकडो छोट्या पॅकेजेसवर उभी आहे आणि त्यांची यादी असते लॉक फाइलमध्ये. ही फाइल इतकी लांबलचक, की स्क्रीनवर बरेचदा घडी घालूनच दाखवतात. कुणी ती उघडत नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजच्या कंटाळलेल्या मालकाने ते एका मदतीला आलेल्या भल्या माणसाच्या हवाली केलं. भल्या माणसाने एक नवं पिल्लू आत सोडलं. ते पिल्लू फक्त कोपे नावाच्या वॉलेटमध्ये जागं व्हायचं आणि १०० बिटकॉइनच्या वर असलेली खाती शोधायचं. कहर म्हणजे गिटहबवर दिसणारा कोड आणि पॅकेजमध्ये आलेला कोड एकसारखा नव्हता. म्हणजे माझ्यासारखीने लाल-हिरव्या ओळी डोळ्यांत तेल घालून वाचल्या असत्या तरी हाती काही लागलं नसतं. २०२४ च्या डिसेंबरात सोलानाच्या वेब-थ्री पॅकेजच्या दोन आवृत्त्यांत किल्ल्या पळवणारा कोड घुसला. ही तर थेट आमच्या भावकीतली! २०२५ च्या सप्टेंबरात चॉक, डीबग असली घरोघरी असणारी पॅकेजेस एका फसव्या ई-मेलमुळे परक्याच्या हाती गेली, आणि त्यांतला कोड पैसे पाठवायचा पत्ता गुपचूप बदलून दिसायला तस्साच दुसरा ठेवायचा.

यावर आम्ही काय करतो? आवृत्त्या कुलूपबंद ठेवतो, नवीन आलेली लगेच घेत नाही, थोडी शिळी होऊ देतो. कमीत कमी पॅकेजेस वापरतो. नवं नाव दिसलं की त्याचा कुळाचार विचारतो. हे सगळं करूनही रात्री कधीतरी डोळा उघडतो.

आज सकाळी सांगलीकरांचा नवा बदल आलाय. कोडच्या चार ओळी आणि लॉक फाइलच्या सहाशे. खाली त्यानेच लिहिलंय : 'ताई, घडी उघडून बघा. दोन नावं मला पण ओळखीची वाटत नाहीयेत.' चला, आधी चहा, मग एकेक नाव.