सत्कार गुणवंतांचा, खड्डा आपल्या पोरांचा

निकाल लागले की जालन्यात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात खुर्च्या लागतात, नव्वद टक्केवाल्या मुलामुलींच्या गळ्यात हार पडतात. नगरसेवक, मौलाना आणि एखादे निवृत्त अधिकारी भाषणे करतात. भाषण ठरलेले असते : तालीम हासिल करा, डॉक्टर व्हा, कलेक्टर व्हा. मीही अशा व्यासपीठांवर बसलो आहे, शाल घेतली आहे आणि हेच बोललो आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे, त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

अशाच एका कार्यक्रमात शेवटच्या रांगेत माझ्या आपाचा मुलगा बसला होता. धाकट्या बहिणीचा सत्कार बघायला आला होता. त्याचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत भाजलेले आहेत आणि उजव्या हाताची दोन बोटे वाकत नाहीत. तो केबल जॉइंटर होता. जमिनीखालून जाणाऱ्या वीजवाहिन्या जोडण्याचे काम तो करायचा.

दहावी नापास झाल्यावर तो एका उस्तादाबरोबर कामाला लागला. आधी खड्डे खणले, मग सामान उचलले, मग उस्तादाच्या हाताखाली केबल सोलायला शिकला. पाच वर्षांत चांगला कारागीर झाला. एका कारखान्याच्या आवारात दोन केबल एकाच चरातून गेल्या होत्या. ठेकेदाराच्या माणसाने सांगितले, लाईन बंद आहे. लाईन बंद होतीही, पण दुसऱ्या केबलची. करवत लावली तेव्हा स्फोट झाला. दवाखान्यात पंधरा दिवस काढल्यावर कळले, की हजेरीपटावर त्याचे नावच नाही. ठेकेदाराने घरी येऊन थोडे पैसे दिले आणि आपाचा अंगठा घेऊन गेला. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही टाकलेली होती, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही. घरात शिकलेला म्हणावा असा मी एकटा होतो आणि मला हा कायदा माहीत नव्हता.

आता हे काम काय आहे ते सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की तारेला तार पिळली, वरून टेप गुंडाळली, झाले.

33 केव्हीच्या केबलमध्ये मध्यभागी ॲल्युमिनियमचा वाहक असतो. त्यावर अर्धवाहक थर, त्यावर एक्सएलपीईचे इन्सुलेशन, पुन्हा अर्धवाहक थर, तांब्याची पट्टी, आतले आवरण, पोलादी आर्मर आणि बाहेरचे आवरण. हे इन्सुलेशन नऊ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. जॉइंटर हे सगळे थर एकेक करून, मोजलेल्या अंतरावर सोलतो. अर्धवाहक थर काढताना पात्याचा ओरखडा इन्सुलेशनवर उठला, तर तो डोळ्यांना धड दिसतही नाही. पण त्या ओरखड्यात हवा राहते, हवेत बारीक विसर्ग सुरू होतो आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी, बहुधा पावसाळ्यात, तो जोड फुटतो. पुसण्याचीही दिशा ठरलेली आहे. कापड इन्सुलेशनकडून अर्धवाहक थराकडे न्यायचे, उलट कधीच नाही, नाहीतर काळी भुकटी इन्सुलेशनवर पसरते. मग फेरूल घालून क्रिम्पिंग. मग विजेचा ताण जिथे एकवटतो तिथे ताण नियंत्रित करणारी नळी. मग नळ्या गॅसच्या ज्योतीवर आकसून बसवायच्या, त्याही मधून दोन्ही टोकांकडे, म्हणजे आत हवा अडकत नाही. ज्योत फार तिखट झाली तर नळी करपते, मंद पडली तर नीट बसत नाही. हे सगळे एक मीटरहून खोल खड्ड्यात, उकिडवे बसून, धूळ आणि घाम केबलवर पडू न देता करायचे असते.

आणि हे सगळे सुरू करण्याआधी आणखी एक काम असते, ज्याने माझ्या भाच्याचे हात वाचले असते. हीच ती केबल आहे याची यंत्राने खात्री करायची, दोन्ही टोकांना ती बंद करून अर्थिंग करायचे, लेखी परमिट हातात घ्यायचे आणि कापण्याआधी दुरून चालणाऱ्या हत्याराने केबलमध्ये खिळा घालून ती मेलेली आहे हे सिद्ध करायचे. याला हुशारी लागत नाही, शिस्त लागते. ही शिस्त उस्ताद शिकवत नाही, कारण त्याला ती कुणी शिकवलेली नसते. ठेकेदार पाळत नाही, कारण तिला वेळ लागतो.

हे काम हुनर आहे की मजुरी? ब्रिटनमध्ये जॉइंटर व्हायला शिकाऊ उमेदवार म्हणून काही वर्षे काढावी लागतात. मुंबईत बेस्टचे जाळे जमिनीखालूनच आहे, तिथे जॉइंटर हा मानाचा कारागीर समजला जातो. आपल्याकडे तो रोजंदारीचा ‘लडका’ असतो.

जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणत आले. आज तो पाळणा पोलादाचा आहे. इथल्या इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल विजेवर जगतात. शहरातून जाणारा लोहमार्ग विजेवर आला आहे, 30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्यभर उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत आणि सौर प्रकल्प म्हटला की केबल आली. या सगळ्या ठिकाणी कुणीतरी खड्ड्यात उतरून जोड मारतो. तो कोण, कुठे शिकला, त्याच्याकडे परवाना आहे का, हे विचारणारा कुणी नाही.

आयटीआयमध्ये हे शिकवत नाहीत असे नाही. इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात भूमिगत केबल आहे : थर ओळखणे, सोलणे, सरळ जोड, मेगरने तपासणी, फॉल्ट शोधणे. पण मोटारी, ट्रान्सफॉर्मर, वायरिंग, पॅनल यांच्या गर्दीत हा एक छोटा धडा आहे. तेवढ्यावर हात तयार होत नाही. केंद्राच्या कौशल्य व्यवस्थेत ‘केबल जॉइंटर’ अशी स्वतंत्र पात्रताही कागदावर आहे. पण आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही पोराने तिचे नाव ऐकलेले नाही. तो शिकतो उस्तादाकडे, किंवा किट विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने एका दुपारी दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर.

कायदा तर आणखी पुढे आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम, 2010 चे आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे, सांगतात की विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. प्रत्यक्षात काय होते? लायसन ठेकेदाराचे, प्रमाणपत्र कुणाचे तरी भाड्याने आणलेले आणि हात आमच्या पोराचे. ज्याच्याकडे कागद आहे तो खड्ड्यात उतरत नाही, ज्याला काम येते त्याच्याकडे कागद नाही. काम बिघडले, माणूस भाजला, की कागदावर तो माणूसच नसतो.

इथे आमच्या समाजातून तीन उत्तरे येतात. तिन्ही मी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत.

पहिले उत्तर : मुसलमानांना पुन्हा हातोडी-पाना देऊ नका, त्यांना अधिकारी बनवा. या मागणीमागचा अपमान मी समजू शकतो. पंक्चर काढणारा म्हणून हिणवले गेलेल्या समाजाला आणखी एका कारागिरीची जाहिरात नको वाटते. पण हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती, त्यात आपण सुमारे चौदा टक्के. त्यातले किती कलेक्टर होणार? झालेच पाहिजेत, त्यांचा सत्कार मीही करीन. पण जो होणार नाही, तो आजही खड्ड्यातच बसलेला आहे. त्याला हातोडी आपण देत नाही आहोत, ती त्याच्या हातात आधीच आहे. प्रश्न एवढाच आहे, की तो परमिट घेऊन बसणार की परमिटशिवाय. आणि हाताच्या कामाची लाज आपण कुठून आणली? दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते घडवत, हे आम्ही जुम्याच्या बयानात अभिमानाने ऐकतो. पोलादाच्या या गावात लोखंडाशी झुंजणाऱ्या पोराला मात्र लग्नाच्या बाजारात ‘लेबर’ म्हणतो.

दुसरे उत्तर : आधी आरक्षण, मग बाकीचे. आरक्षणाच्या लढ्याची थट्टा जालनेकराने करू नये. मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी करणारे शब्बीर अन्सारी याच गावचे, आणि त्या चळवळीसाठी दिलीपकुमार सभांमधून फिरले. सच्चर समितीचा 2006 चा अहवाल, राज्यातल्या महमूदुर्रहमान समितीचा अहवाल, 2014 चा पाच टक्क्यांचा अध्यादेश, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो मान्य करणे आणि मग सरकारने त्याचा कायदा न करणे, हे सगळे आपल्याला पाठ आहे. ती मागणी सोडू नये. पण ज्या दारावर आरक्षणाची पाटी लागेल, त्या दारापर्यंत पोचायलाही कागद लागतो. महावितरणच्या विद्युत सहायकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचे प्रमाणपत्र मागतात. ज्याने आयटीआयचा उंबरा पाहिला नाही, त्याला आरक्षणाचा काय उपयोग? अल्पसंख्याकांसाठी आयटीआयमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या तुकड्या निघाल्या. त्या चालतात का, भरतात का, याची चौकशी करायला सत्कार करणाऱ्यांपैकी कितीजण गेले?

भेदभावाबद्दलही खरे बोलू. नाव ऐकून काम नाकारणारे आहेत, मी ते पाहिले आहे. परमिट दाखवल्याने त्यांचे मन बदलणार नाही. पण नाकारायला त्यांना काहीतरी कारण शोधावे लागेल. आज तर कारणही लागत नाही.

तिसरे उत्तर : गल्फ. तिकडे जॉइंटरला पैसा आहे, हे खरे. पण तिकडे मोठ्या वीजकंपन्यांच्या कामावर जॉइंटरची चाचणी होते, त्याला मंजुरी मिळते, मगच केबलला हात लावू देतात. इथून बिनकागदाचा गेलेला पोरगा तिकडे खड्डेच खणतो. एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, हा नियमही त्याला ठाऊक नसतो. अम्मीचे दागिने मोडतात ते तिथे.

एक गोष्ट आपल्यावरच आहे आणि ती मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने बोललीच पाहिजे. लाईन बंद केल्याचे परमिट मराठीत किंवा इंग्रजीत असते. धोक्याची पाटी मराठीत असते. उर्दू माध्यमातून आलेला माझा भाचा मराठी अडखळत वाचतो. उस्ताद त्याहून कमी. कुणी परमिट हातात दिले असते, तरी फीडरचे नाव त्यांना ताडून पाहता आले असते का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. उर्दू आपली आहे, ती राहिलीच पाहिजे. पण ज्या राज्यात पोरगा विजेच्या खड्ड्यात उतरतो, त्या राज्याची भाषा त्याला वाचता आली पाहिजे. उर्दू शाळांमध्ये मराठीच्या तासाकडे आपण जो काणाडोळा करतो, त्याची किंमत परीक्षेतल्या गुणांपुरती नाही.

मागण्या फार नाहीत. सरकारकडे : जालन्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन झालेल्यांसाठी निदान सहा महिन्यांचा केबल जॉइंटिंगचा अभ्यासक्रम सुरू करा. वर्गात नाही, खड्ड्यात. वीजकंपनी आणि कारखाने टाकून देतात ते केबलचे तुकडे त्यांनी आयटीआयला द्यावेत. प्रत्येक मुलाने केलेला जोड उच्च दाबावर तपासा, पुन्हा कापून त्याच्यासमोर उघडा, म्हणजे चूक त्याला दिसेल. ज्या उस्तादांनी वीस-वीस वर्षे हे काम केले आहे, त्यांची चाचणी घेऊन त्यांनाही परमिट द्या. ते कमी पडले तर आधी शिकवा, मग चाचणी घ्या. आणि अपघातानंतर ज्या कामावर परमिटवाला माणूस नव्हता, तिथे लायसनवाल्याला जाब विचारा.

समाजाकडे : एका सत्काराच्या हार-शालींच्या खर्चात चार मुलांचे सुरक्षा हातमोजे आणि बूट येतात. शिकताना रोजी बुडते म्हणून पोरे अभ्यासक्रम सोडतात. सहा महिन्यांचा विद्यावेतनाचा आधार जमातींना जड नाही. मशिदीच्या कमिटीने मोहल्ल्यातल्या वीजकामगारांची यादी करावी : कोण कुठल्या ठेकेदाराकडे, हजेरीपटावर नाव आहे की नाही. अपघाताच्या दिवशी ही यादी कामाला येईल.

पोरांना मी काय सांगू? अर्थिंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय केबलला हात लावू नका, हे म्हणणे सोपे आहे. रोजंदारीवरचा पोरगा थांबला तर ठेकेदार दुसरा आणतो. म्हणून ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याला आपण द्यायचे आहे. ते परमिटातून येते, यादीतून येते, मागे उभ्या असलेल्या माणसांतून येते.

भाचा आता एका दुकानात बसतो. मध्यंतरी मी त्याला विचारले, हे शिकवायचा वर्ग निघाला तर येशील का? म्हणाला, ‘‘मामू, शिकायला नाही, शिकवायला येईन. बोटं वाकत नाहीत, पण चूक कुठं होते ते दाखवता येतं.’’

पुढच्या सत्काराला मला बोलावणार असाल तर एकच अट आहे. व्यासपीठावर एक खुर्ची त्याच्यासाठी ठेवा, आणि पहिले भाषण त्याचे.