गर्भाशयाचा रोग कीं उचलीचा?

आजार आला म्हणजे आपण नशिबाला, देवीला किंवा कोणाच्या तरी नजरेला दोष देतों. शिकलेले लोक अडाण्यांच्या अस्वच्छतेला दोष देतात. दोघेही एकाच ठिकाणीं चुकतात. माणूस आजारी कां पडतो हें त्याच्या अंगांत शोधण्याआधीं त्याच्या कामांत, कर्जांत व घरांत पाहावें लागतें. आमच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणीच्या बायकांचें उदाहरण घ्या.

2019 सालीं सरकारनें नेमलेल्या समितीच्या अहवालांत या जिल्ह्यांतील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकीं 13,861 जणींचें गर्भाशय काढलेलें निघालें. म्हणजे शेंकडा सुमारें सतरा. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणींत देशभरच्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हेंच प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास होतें. बीडच्या लेकींना देवानें निराळीं शरीरें दिलीं आहेत काय?

जमीन जिरायत, पावसाचा भरंवसा नाहीं. म्हणून हंगामाआधींच मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. ती नवराबायकोच्या जोडीला मिळते. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. एकट्या गड्याला पुरी उचल नाहीं, म्हणून मुलाचें लग्न लवकर. वयांत आलेली मुलगी मागें कोणाजवळ ठेवावी ही धास्ती, म्हणून तिचेंही लवकर. दिवाळीच्या सुमारास शाळेचा पट उतरतो, आणि कालपर्यंत वर्गांत बसलेली एखादी पोर मंगळसूत्र घालून ट्रॅक्टरवर चढतांना दिसते.

विशीच्या आंत दोन बाळंतपणें. फडांत पहाटेपासून वांकून तोडणी, डोक्यावर जड मोळी, रात्रीं-अपरात्रीं गाडी भरणें. कोपीजवळ न्हाणी नाहीं, संडास नाहीं, पाणी लांबचें. पाळींत तेंच फडकें कसेंबसें धुऊन पुन्हां. मग अंगावरून पांढरें जातें, ओटीपोट दुखतें. पण एक दिवस बसलें कीं खाडा. मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड. अशा बाईला खाजगी दवाखान्यांत सांगितलें कीं पिशवी काढ, नाहींतर कॅन्सर होईल, तर ती काय करील? औषधपाण्याला दिवस मोडतात. पिशवी काढली कीं पाळीही गेली आणि खाडाही गेला, असा हिशेब घरांत होतो. शस्त्रक्रियेचा पैसा पुन्हां उचलींतूनच. बीजकोशही काढले असले तर ऐन तिशींत हाडें ठिसूळ होऊं लागतात, आणि तीच बाई पुढल्या हंगामांत मोळी उचलते.

ओरड झाल्यावर 2019 सालींच हुकूम निघाला कीं, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवांचून खाजगी दवाखान्यांनीं गर्भाशय काढूं नये. चाकूवर पहारा बसला हें बरें झालें. पण तिला त्या चाकूखालीं नेणारा खाडा आणि उचल यांवर पहारा कोण ठेवणार?

येथें थोडें कडू बोलावें लागतें. हें शेटजीचें पाप म्हणून आपल्याला हात झटकतां येत नाहींत. 1950 सालीं प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो कुणब्याच्या घामाचें मोल कुणब्याच्या घरीं यावें म्हणून. त्या वाटेनें पुढें निघालेल्या कारखान्यांचे सभासद आपलेच भाऊबंद आहेत, आणि त्यांचा ऊस तोडणारीही आपलीच बहीण आहे. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला. मग तिचा धनी कोण?

बागाइतदार बंधूंनो, वार्षिक सभेंत उसाचा भाव मागतां तसें हेंही मागा. आजारांत, पाळींत व बाळंतपणांत खाडा नको. तळावर पाणी व संडास पाहिजे. बाईची मजुरी बाईच्या हातांत पडली पाहिजे. पोरींना शाळेजवळ ठेवणारें वसतिगृह गांवोगांव पाहिजे. टनामागें चार पैसे जास्त पडले तर पडूं द्या.

आणि फडावर जाणाऱ्या भगिनींनो, कोणीं पिशवी काढा म्हटलें तर तेथेंच अंगठा देऊं नका. आधीं सरकारी रुग्णालयांत दाखवा. पांढरें जाण्याच्या बहुतेक तक्रारी औषधानें बऱ्या होतात.