जागा निघेपर्यंत

पदवी घेऊन पोरं घरी बसतात, कामाला हात लावत नाहीत, ही तक्रार चौसाळा गावाच्या स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे कानावर येते. मला ती पटत नाही. धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेनं पहाटे पोलीस भरतीवाली पोरं पळताना बघा. सोळाशे मीटर, शंभर मीटर, मग गोळा. मैदानीचे 50 गुण, लेखीचे 100. घरी येऊन दोन घास खाल्ले की दिवसभर अभ्यासिका. आळशी माणसाचं हे काम नव्हे.

पण 2024 मध्ये झालेल्या भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांच्या आसपास अर्ज होते. म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव पोरं परत येणार, हे ठरलेलंच. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांवर जागा, अर्ज दहा लाखांवर. खुल्या प्रवर्गाला फी 1000 रुपये. ऊसतोडीवर पोरं शिकवलेल्या घरात हजाराची नोट सहज निघत नाही. त्यात 2021 मध्ये आरोग्य विभागाचा पेपरच फुटला. अभ्यास केलेल्यांनी पुन्हा वाट बघायची. वय मात्र कुणासाठी थांबत नाही. पोलीस शिपायाला खुल्या प्रवर्गात 28 ओलांडलं की दार बंद.

खाजगी नोकरी का करत नाहीत? आमच्या ओळखीतली एक मुलगी बी.कॉम. झाली. पुण्यात मुलाखतीला गेली, तर पहिला प्रश्न अनुभवाचा. तीन वर्षांत तिनं खतावणी फक्त पुस्तकात पाहिलेली. खरं बिल, खरी पावती हातात आलीच नव्हती. यात तिची काय चूक?

2024 मध्ये सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना 10 हजार, मुदत सहा महिने. पुढे ती वाढवली. पोरं कचेऱ्यांत, शाळांत कामाला लागली. मुदत संपली की परत घरी. तरी त्या काळात ती काम शिकली, हे मी मोलाचं मानतो. पदवी चालू असतानाच हे का होऊ नये? अभ्यासक्रमात आता इंटर्नशिप आली आहे, ती नुसत्या शिक्क्यापुरती राहू नये. आणि सरकारनं भरतीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून त्या पाळाव्यात.

गावातल्या दुकानदारांना, पतसंस्थांना, दवाखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवाळीनंतर एकेका पोराला, पोरीला अर्धा दिवस कामावर घ्या. हिशेब लिहायला लावा, गिऱ्हाइकाशी बोलायला लावा, थोडा का होईना पगार द्या. आणि सहा महिन्यांनी अनुभवाचं पत्र सही-शिक्क्यानिशी हातात ठेवा.